नाडीखालचा काळा डाग

तापाच्या नवव्या दिवशी सकाळी अंग पुसता पुसता सिस्टरचा हात माझ्या कमरेपाशी थांबला.

"मावशी, हे कधीपासून आहे?"

"ते होय? सलवारीची नाडी घासलीय. झाले असतील दहा-बारा दिवस."

हातातला ओला कपडा वाटीत टाकून तिने पुन्हा वाकून पाहिलं आणि बाहेर गेली. परत आली ती डॉक्टरांना घेऊनच. त्यांनी मोबाइलचा उजेड टाकला. कमरेच्या उजव्या अंगाला, नाडी बसते त्याच्या जरा खाली, शर्टाच्या बटणाएवढी काळी खपली होती. तिच्याभोवती लाल कडा. कुणी विडीचा चटका द्यावा तशी.

"दुखतं?"

"नाही."

"खाजतं?"

"नाही."

"गेल्या महिन्यात कुठे रानात, गवतात गेला होतात?"

माझे यजमान दाराशी उभे होते. तेच म्हणाले, "ती गवतात जात नाही डॉक्टर, गवतात झोपते."

डॉक्टर हसले नाहीत. "स्क्रब टायफस," ते सिस्टरला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "गवतात, झुडपांच्या कडेला एक किडा असतो. माइट. त्याची अळी चावते. टाचणीच्या टोकाएवढीसुद्धा नसते, त्यामुळे चावलेलं कळत नाही. जिथे चावते तिथे अशी खपली धरते, तिला आम्ही एस्कार म्हणतो. रक्ताचा रिपोर्ट येईल तेव्हा येईल, मी औषध आत्ताच सुरू करतोय. डॉक्सिसायक्लिन. जुनं, साधं औषध आहे. दोन दिवसांत ताप उतरायला हवा."

ह्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि मोठा श्वास सोडला. नऊ दिवसांत डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइड नाही, लेप्टो नाही, एवढंच ऐकलं होतं. आज आजाराला नाव मिळालं होतं.

मला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. कारण चार दिवसांपूर्वी उमरठच्या वरच्या वाडीतली हिराबाई अशाच तापाने गेली होती. तिलाही नऊच दिवस ताप होता. आणि तो आला त्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघी एकाच माळावर, एकाच गवतात तीन तास होतो.

हे सगळं मी लिहिते आहे ते आमच्यासारख्या डोंगराकडेला राहणाऱ्यांसाठी. फुलांचे फोटो काढणाऱ्यांसाठी, आणि त्याहून जास्त गवत कापणाऱ्यांसाठी.

मी पोस्टात नोकरी केली, शेवटची अकरा वर्षं पोलादपूरला. राहायला महाडात. निवृत्त झाल्यावर मुलीने तिचा जुना कॅमेरा दिला आणि मी हौसेने एक मॅक्रो लेन्स घेतली. मॅक्रो म्हणजे अगदी जवळून फोटो घेण्याची काच. तिळाएवढं फूल तळहाताएवढं दिसतं. पाकळीवरचे केस दिसतात, परागावर बसलेली चिलटं दिसतात. श्रावण लागला की मी सकाळच्या एसटीने निघायची. कधी वरंधकडे, कधी शिवथरच्या खोऱ्यात, पण सगळ्यात जास्त उमरठच्या वरच्या माळांवर. तेरडा, सोनकी सगळ्यांनाच दिसतात. मला सीतेची आसवं, गेंद, गवतात लपलेल्या पांढऱ्या अमरी, म्हणजे ऑर्किड, अशी फुलं हवी असायची. ही फुलं जमिनीला धरून असतात. त्यांच्या डोळ्यात डोळा घालायचा तर माणसाला पालथं पडावं लागतं.

मी अशीच पालथी पडले असताना हिराबाई पहिल्यांदा भेटली.

"कोन गो पडलंय? जिती हाय का मेली?"

मी मान वर केली. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा, साठीची एक काटक बाई. मी तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फूल दाखवलं. तिने भारा उतरवला, पडद्याकडे पाहिलं, मग खाली गवताकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"ह्यो माज्या पायाखालचा?" म्हणाली. "आनि मी रोज तुडवतेय गो."

तिथून चार वर्षं. आम्ही एकमेकींना अगं-तुगं करायला लागलो. ती मला "पोष्टातली म्याडम" म्हणायची, तेही तू म्हणूनच. तिला फुलांची नावं ठाऊक नव्हती, पण कुठलं गुरं खातात, कुठल्याला तोंड लावत नाहीत, कुठलं उन्ह चढलं की मिटतं, हे ती अचूक सांगायची. मी फोटो काढत असताना ती शेजारी बसून माझी पांढरी छत्री धरायची. उन्ह छत्रीतून गाळून आलं की पाकळी भाजल्यासारखी दिसत नाही. तासन् तास धरायची. हात दुखतो का, असं मी कधी विचारल्याचं आठवत नाही.

ताप येण्याआधीच्या त्या दिवशी माळाच्या कडेला, करवंदीच्या जाळीखाली आम्हाला एक अमरी दिसली. मी ती आधी कधी पाहिली नव्हती. दांड्यावर आठ-नऊ कळ्या, एकही उमललेली नाही. मी तीन तास तिथे पालथी होते. जाळीखाली ओल होती आणि उंदरांची बिळं होती. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हे किडे उंदीर-घुशींच्या अंगावर जगतात, म्हणजे जागा अगदी नेमकी होती. मला तेव्हा ती बिळं फोटोत येऊ नयेत एवढीच काळजी होती.

दहा दिवसांनी मी हिराबाईला फोन केला.

"हिराबाई, ती कळी उमलली का गं?"

"अंग मोडलंय गो. तीन दिस झाले, ताप हाय. डोकं असं फुटतंय, डोले उघडवत नाय." मग म्हणाली, "पर जाते. बघून सांगते."

मी नको म्हटलं नाही. हे मला लिहायलाच हवं. "सावकाश जा" असं म्हटलं, एवढंच.

दोन तासांनी तिचा फोन आला. दम लागलेला होता. "उमलली हाय. दोन. पांढरीशिपट हायत. ये उद्या."

मी आनंदाने हे करते, ते करते म्हणत राहिले आणि फोन ठेवला. तिचा ताप कसा आहे हे विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मला जाता आलं नाही, कारण माझंच डोकं दुखायला लागलं.

असं डोकं मला जन्मात दुखलं नव्हतं. कपाळात कुणी पहार घालून उचकटतंय असं. संध्याकाळी हुडहुडी भरली. ताप एकशे तीन. क्रोसिन घेतली की उतरायचा, चार तासांनी पुन्हा चढायचा. पिंढऱ्या ठणकायच्या. चौथ्या दिवशी डोळे लाल झाले. पाचव्या दिवशी ओकारी सुरू झाली आणि ह्यांनी मला महाडातल्या एका दवाखान्यात दाखल केलं.

दाखल झाले त्याच दुपारी हिराबाईचा मुलगा संतोष याचा ह्यांना फोन आला. तो मुंबईत एका कुरिअर कंपनीत आहे. "आय गेली," एवढंच तो म्हणाला. तिला आधी सलाईन लावली होती, मग कावीळ म्हणाले, मग ती बडबडायला लागली, आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. मुलगा मुंबईहून पोहोचेपर्यंत संपली होती.

तापात मला ते नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा रडायची ताकद नव्हती. तिचा ताप आणि माझा ताप एकच असेल हे मात्र मनात आलं नाही. ती म्हातारी, दमलेली, माझं काहीतरी वेगळं, असंच धरून चालले होते.

पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. रोज सकाळी रक्त काढायचे. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, रोज कमी होत होत्या. एसजीपीटी, म्हणजे यकृताला सूज आहे का ते सांगणारी तपासणी, रोज वाढत होती. समोरच्या खाटेवर डेंग्यूची एक मुलगी होती, ती बरी होऊन घरी गेली. तिच्या जागी दुसरी आली, तीही घरी गेली. बाहेर बाकावर बसून ह्यांनी माझे रिपोर्ट इतक्या वेळा वाचले की घड्या पडून कागद फाटायला आले. आठव्या दिवशी दुपारी मला बोलताना धाप लागायला लागली. छातीचा एक्स-रे काढला, नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टर ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "उद्यापर्यंत उतार पडला नाही तर मुंबईला हलवू." ते दाराबाहेर बोलत होते, पण मला ऐकू आलं.

आणि या सगळ्या दिवसांत तो डाग माझ्या कमरेवर होता. मी त्याला पाहिलं होतं. ताप यायच्या आधीच पाहिलं होतं. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, अंगावर पुरळ, चट्टा, जखम काही? मी म्हटलं, नाही. पुरुष डॉक्टरांना कमरेखालचं काय दाखवायचं, तेही नाडीचं घासणं. चार वर्षं मी फुलावरचा किडा शोधायला भिंग घेऊन फिरत होते. स्वतःच्या अंगावरची खपली वाकून नीट पाहावी असं मला वाटलं नाही.

आता त्या नवव्या दिवसाच्या सकाळकडे येते. डॉक्टर औषध लिहून वळले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. धापेतच सगळं सांगितलं. हिराबाई, माळ, तिचा ताप.

ते खाटेच्या कडेला बसले. "आता तपासून सांगता येणार नाही. पण तुम्ही सांगताय त्यावरून, असू शकेल." मग लगेच म्हणाले, "त्या घरातलं आणखी कोण गवतात जातं?"

सून. भारती. पाच महिन्यांची गरोदर.

ह्यांनी तिथूनच संतोषला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. भारतीला दोन दिवस ताप होता.

"धावपळीनं आलाय, काका," संतोष म्हणाला. "चार दिस झोप नाय कुनाला. सुतक हाय घरात, तेरावं झाल्यावर आनतो तिला खाली."

"तेराव्यापर्यंत थांबू नकोस रे," हे म्हणाले.

"आयला नेली तवा काय झालं? सुई टोचून टोचून हात काले केले तिचे. आता हिला नाय देनार मी." आणि त्याने फोन ठेवला.

डॉक्टरांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन केला. तिथून वाडीच्या आशा सेविकेचा, आशाताईंचा, नंबर मिळाला. त्या जायला तयार होत्या, पण त्यांनी विचारलं, "डाग कसा असतो? मी कधी बघितला नाय. फोटो पाठवता?"

ह्यांनी मोबाइलवर माझ्या कमरेचा फोटो काढला. काळा ठिपका, बाकी सगळं धूसर. डास चिरडल्यासारखं दिसत होतं. दुसरा काढला, तोही तसाच. मी म्हटलं, "घरी जा आणि माझा कॅमेरा आणा."

घर दहा मिनिटांवर. ह्यांनी तो कॅमेरा आजवर फक्त उचलून दुसरीकडे ठेवायला हातात घेतला होता. मी नाकात नळी घेऊन कुशीवर वळले आणि ह्यांना शिकवू लागले. काच फिरवायची नाही, स्वतः पुढे-मागे व्हायचं. श्वास रोखायचा. कडा स्वच्छ दिसली की दाबायचं. सिस्टरने टॉर्च धरला. सहाव्या फोटोत ते जमलं. मधली कोरडी काळी खपली, भोवतीचा पांढुरका कंगोरा, मग लाल वर्तुळ. इतका स्पष्ट फोटो मीसुद्धा फार थोड्या फुलांचा काढला असेल.

तो आशाताईंना पाठवला. वर वाडीत नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. पाऊण तास एकच टिक दिसत होती. मग दोन झाल्या. मग काहीच नाही. माझी धाप वाढत होती आणि मी सिस्टरला दर पाच मिनिटांनी वेळ विचारत होते.

दीड तासाने फोन वाजला. "सापडला," आशाताई म्हणाल्या. "गुडघ्याच्या मागं. हुबेहूब तुमच्या फोटोसारखा. संतोषला दोन्ही शेजारी धरून दाखवलं. तो गाडी बघायला गेलाय."

अंधार पडायच्या आत भारती खाली पोहोचली. गरोदर बाईला डॉक्सिसायक्लिन सहसा देत नाहीत, तिला अझिथ्रोमायसिन नावाचं दुसरं औषध दिलं. ती आठवडाभर दवाखान्यात होती. मधे दोन दिवस बाळाचे ठोके तास-तासाला तपासत होते. तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला. माघात तिला मुलगी झाली.

माझा ताप औषध सुरू केल्यावर तिसऱ्या सकाळी उतरला. घामाने चादर भिजली आणि डोक्यातली पहार कुणी काढून घ्यावी तसं झालं. सिस्टर म्हणाली, "मावशी, आज चहा गोड लागेल बघा." लागला. त्या मुलीचे उपकार मी फेडू शकत नाही. तिला हे नेमून दिलेलं काम नव्हतं. ती अंग नीट पुसत होती, म्हणून तिला दिसलं.

घरी आल्यावर महिनाभर जिना चढवत नव्हता. केस गळले. उजव्या कानाने कमी ऐकू यायचं, ते थोडंफार सुधारलं. चालायला लागल्यावर मी पहिल्यांदा वाडीवर गेले. हे बरोबर येतो म्हणाले, मी त्यांना खाली गाडीतच बसवलं.

हिराबाईचा फोटो भिंतीवर लावलेला होता. आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला, तोंड पुसट, डोळे घाबरल्यासारखे. माझ्या कॉम्प्युटरवर त्या माळाचे हजारो फोटो आहेत. तिचा चेहरा एकाही फोटोत नाही. काहींत कोपऱ्यात छत्रीची दांडी आणि तिची बोटं आहेत, तीही मी कापून टाकत असे.

संतोष उंबऱ्यात बसला होता; मुंबईची नोकरी सोडून तो वाडीतच राहिला होता. भारती आत चहा टाकत होती. मी त्याला सगळं सांगितलं. ताप असताना मी तिला फुलाचं विचारलं आणि ती बघायला गेली, हेही सांगितलं.

त्याने विचारलं, "म्हंजे ती गोली येलेवर मिलाली असती, तर आय वाचली असती?"

खोटं बोलायची इच्छा झाली. आतून भारती बघत होती.

"बहुतेक वाचली असती," मी म्हटलं.

तो उठला आणि गोठ्याकडे गेला. मी चहा प्यायले, भारतीच्या पाठीवर हात ठेवला, आणखी अर्धा तास बसले. तो परत आला नाही. उतरताना तो मला गोठ्याच्या कुडाआडून दिसला. म्हशीला गवत टाकत होता. त्याने मान वळवली नाही. मला त्याचा राग आला नाही.

मी फोटो काढणं सोडलेलं नाही. लोक विचारतात म्हणून सांगते. आता थेट गवतात पालथी पडत नाही. जाड प्लास्टिक अंथरते, पायमोज्यांत सलवार खोचते, हातापायांना किडे पळवणारं मलम लावते. घरी आले की आधी कपडे गरम पाण्यात आणि मग अंघोळ. अंघोळीच्या वेळी आरशात सगळं अंग बघते, लाजत नाही. मन मात्र पूर्वीसारखं लागत नाही. गवत वाऱ्याने हललं की माझ्या अंगावर काटा येतो. ते गवत जसं होतं तसंच आहे, त्यात कुठे काय बसलंय ते मला दिसत नाही, आणि वाडीतल्या बायका रोज सकाळी विळा घेऊन त्यात शिरतात, कारण म्हशीला खायला लागतं.

तापाला चार दिवस झाले आणि डोकं फुटतंय, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, मी गवतात गेले होते. ते विचारतील म्हणून थांबू नका. आणि अंगावरचं काहीही लपवू नका.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या आधी, भर दुपारी फोन वाजला. संतोषचं नाव दिसलं. त्या दिवसानंतर तो माझ्याशी बोलला नव्हता.

"मॅडम, शेजारचा आबा हाय. पाच दिस ताप. अंगावर कुठं कुठं बघायचं?"

मी उठून उभी राहिले. "काखेत बघ. कमरेला, करगोट्याखाली. जांघेत. गुडघ्याच्या मागे. कानांच्या मागे, मानेवर, केसांच्या कडेला. बेंबीत बघ. लाजू देऊ नकोस त्यांना."

"थांबा. फोन ठेऊ नका."

मी फोन कानाला लावून उभी होते. डाव्या, चांगल्या कानाला. म्हातारा कण्हत होता. कुणीतरी खिडकी उघडली. संतोष म्हणाला, "आबा, हात वर करा. तसा नाय, ह्यो दुसरा." मग कपड्यांची सळसळ ऐकू आली.

"हाय," तो म्हणाला. "काखेत हाय. काला."

"मग निघा."

"निघालोच," तो म्हणाला. कुणाला तरी गाडी काढायला ओरडला, आणि मग पुन्हा फोनवर, खालच्या आवाजात, "डॉक्टरला तुमी सांगून ठेवा, मॅडम. आमी पोचतोय."